छेदातला आकडा

वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलेल्या डॉक्टरला, परिचारिकेला साथरोगशास्त्र पुन्हा वेगळं का शिकवावं लागतं? ज्याला रोग कळतो त्याला साथही कळेल, असं आपल्याला वाटतं. पण दवाखान्यातला डॉक्टर समोर बसलेल्या रोग्याकडे पाहतो. साथीचा अभ्यास करणाऱ्याला दवाखान्यात न आलेला माणूसही हिशेबात धरावा लागतो. या शास्त्राचे पहिले धडे समजून घ्यायला आपल्याला सुरतेबाहेर जावं लागत नाही.

1994 चा सप्टेंबर. तापीला पूर येऊन गेला होता, गणपती विसर्जन नुकतंच झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात वेड रोड, कतारगामकडून तापाचे, खोकल्यातून रक्त पडणारे रोगी इस्पितळात येऊ लागले आणि त्यांतले काही बघता बघता दगावले. फुफ्फुसाचा प्लेग! ही बातमी फुटली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. टेट्रासायक्लिन दुकानांतून दिसेनासं झालं. मृत्यू झाले ते पन्नासच्या आसपास.

रोगी मात्र किती? भीतीच्या दिवसांत प्रत्येक ताप प्लेगचाच वाटतो, त्यात मलेरियाही येतो आणि साधा न्यूमोनियाही. म्हणून मोजायला बसण्याआधी कोणाला मोजायचं ते लिहून ठेवावं लागतं. अमुक तारखेनंतर, अमुक वस्तीत, ताप आणि खोकला असलेला तो संशयित; डॉक्टरांच्या तपासणीत लक्षणं जुळली तो संभाव्य; प्रयोगशाळेत जंतू सापडला तो निश्चित. व्याख्या सैल ठेवली की आकडा फुगतो, फार आवळली की खरे रोगी निसटतात. त्यातून औषध आधीच पोटात गेलेलं असेल तर थुंकीतून जंतू वाढवणं अवघड. त्यामुळे हा प्लेगच का, हा वाद पुढे बराच रंगला, डॉ. रामलिंगस्वामी समितीनं तो प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला.

आता आपल्याला लागून असलेला प्रश्न. रोग्यांत तरुण पुरुष कामगार पुष्कळ होते, महाराष्ट्रातून लूमवर आलेलेही त्यांत होते. त्याच सुमारास बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचा प्लेग निघाला होता. लोकांनी दोन टोकं जोडून टाकली: ‘ह्यांनीच आणला.’ तीन-चार पिढ्या सुरतेत मुरलेल्या आपल्या घरांतूनही, ‘ते नवे लोक, आम्ही नव्हे’ असं म्हटलं गेलं नसेल, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

इथे छेद पाहावा लागतो. समजा, एका वस्तीत हजार माणसं आहेत, सातशे पुरुष, तीनशे बायका. दहा रोगी निघाले, सात पुरुष, तीन बायका. वरवर पाहता रोग पुरुषांच्या मागे लागलाय. भागाकार केला तर दोघांतही शंभरात एक! एका खोलीत पाळीपाळीनं दहा-दहा जण झोपतात अशा वस्तीत रोगी कोणत्या गावचे निघणार? जे तिथं राहतात त्यांच्या गावचे.

शिवाय तारखा. गाठीच्या प्लेगचा जंतू अंगात शिरल्यापासून साधारण आठवड्याच्या आत ताप येतो, फुफ्फुसाच्या प्लेगात तर एक ते चार दिवसांत. म्हणजे बीडचा म्हणून बोट दाखवून भागत नाही. तो कधी निघाला, वाटेत कोण आजारी पडलं, इथं कोणाच्या खोलीत उतरला, अशी एकेक कडी दाखवावी लागते. बीड-सुरत ही साखळी अशी सिद्ध झालेली नाही.

या साथीनंतर संसर्गजन्य रोगांवर पाळत ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1997 मध्ये आला आणि 2004 पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण. त्यात तीन तक्ते होते. एस तक्ता उपकेंद्रातली परिचारिका भरी, तिला दिसणाऱ्या लक्षणांवरून. पी डॉक्टर, एल प्रयोगशाळा. संशयित, संभाव्य, निश्चित, हीच ती मघाची व्याख्या. प्रशिक्षणात त्या परिचारिकेला हे तक्ते दर आठवड्याला भरायला शिकवत, आणि एकही रोगी नसेल तर रकाना कोरा न ठेवता शून्य लिहायला.