राबणाऱ्याला कसलं आलंय टेन्शन?

दिवसभर घमेली वाहिल्यावर मेल्यासारखी झोप लागते, मग टेन्शन येणार कुठून? बांधकामाच्या साइटवर असं ठेकेदार म्हणतो, मजूरही म्हणतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानं २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्या नोंदवल्या. त्यांत ४२,००४ जण रोजंदारीवरचे होते, म्हणजे दर चौघांत एक. यात शेतमजूर धरलेले नाहीत. बांधकामावरचे किती, हे हा आकडा वेगळं सांगत नाही. पण श्रमानं मन शाबूत राहतं, हा समज खोडायला तो पुरेसा आहे.

व्यायामानं मन हलकं होतं, हे खरं. पण तो व्यायाम आपल्या मर्जीचा असतो, दमल्यावर थांबवता येतो. इथं नाक्यावर उभं राहिलेल्याला आज काम लागेल की नाही, तेही ठाऊक नसतं. मुकादमाची उचल फिटेस्तोवर साइट सोडता येत नाही, पावसाळ्यात खाडे पडतात आणि बायकापोरं असतात गावी. यातला कोणी ‘मी उदास आहे’ म्हणत नाही. डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, असंच सांगतो. मग दवाखान्यात अंगदुखीची गोळी मिळते आणि दुखणं तसंच राहतं.

‘पितो म्हणून बिघडला’ हेही नेहमीचंच. कित्येकदा क्रम उलटा असतो: झोप येईना म्हणून पहिला घोट. दारूनं डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि उदासी वाढते. अशा रात्रीनंतर परांचीवर चढणं म्हणजे जिवाशी खेळच.

उपचार म्हटलं की येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव घेऊन थट्टा होते. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना भरती करावंच लागत नाही. गोळ्या आणि समुपदेशन यांवर भागतं. फक्त गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून त्या सोडणारे बरेच.

‘मरावंसं वाटतं का’ असं विचारलं तर तो विचार डोक्यात भरतो, ही भीतीही निराधार. विचारल्यानं माणूस बोलता होतो. पोलिसांच्या धाकानं गप्प बसायचंही कारण नाही: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता, असं धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर येतं. टेली मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. मराठीत बोलता येतं, आणि बिहार-झारखंडहून आलेल्याला हिंदीतही.