पत्र्याचे घर, थंडी आणि शेगडी

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आपण परततो. मुंबईत अंगात साधा सदरा पुरतो, आणि कळवणच्या स्टँडवर पहाटे उतरले की हुडहुडी भरते. तेव्हाच समजावे की घराची तयारी करायला हवी. पुढचे दोन महिने उत्तरेचे कोरडे वारे असतात, आभाळ स्वच्छ असते, त्यामुळे दिवसाची ऊब रात्री टिकत नाही.

वस्तीतली आपली बरीच घरे पत्र्याची. पत्रा दुपारी जेवढ्या लवकर तापतो, तेवढ्याच लवकर रात्री गार पडतो. घरातल्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ त्या गार पत्र्याला लागली की तिचे पाणी होते आणि पहाटे गोधडीवर थेंब पडतात. आपल्याला वाटते छप्पर गळते. यावर उपाय सोपा आहे. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूची चटई किंवा शिवलेली पोती ताणून बांधावीत. मधली कोंडलेली हवाच पांघरुणाचे काम करते. चुलीच्या वर मात्र पोती बांधू नयेत, ठिणगी लागेल.

अंगाला खालूनही गारवा लागतो. फरशीवर आधी भाताचा पेंढा किंवा गोणपाट, त्यावर सतरंजी, मग गोधडी घालावी. दाराखालच्या फटीला जुन्या लुगड्याची वाळू भरलेली लांब पिशवी लावावी. उत्तरेकडच्या फटी चिंध्यांनी बुजवाव्यात, पण समोरच्या बाजूला वर एक झरोका उघडाच ठेवावा. दुपारी दारे उघडून अंथरूण उन्हात टाकावे. सादळलेली गोधडी ऊब देत नाही.

झरोका का, हे नीट समजून घेऊ. थंडीत आपण शेगडी आत घेतो, दार लावतो आणि झोपतो. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवण्याची चाल तर घरोघरी आहे. आजी, मावशी हे मायेनेच करतात. "धूर गेला, आता नुसते निखारे आहेत," असे म्हणून आपण निर्धास्त होतो. धोका तिथेच आहे. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे २०० पट घट्ट चिकटतो, म्हणून श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

घरातल्या सगळ्यांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळले, गरगरले, गुंगी आली, तर ती साधी सर्दी समजू नका. दार उघडा, आधी माणसे बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना "घरात शेगडी होती" हे आठवणीने सांगा.

मग बाळ-बाळंतिणीला ऊब कशी द्यायची? बाळाला टोपी-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून दोघांना पांघरूण घालावे. यासारखी शेगडी नाही. बाळाचे नाक-तोंड मोकळे राहील हे आईने जागेपणी पाहावे. कमी वजनाच्या बाळाला रोज अंघोळ घालू नये, आशाताईंना विचारावे. म्हाताऱ्यांचे अंथरूण झोपण्याआधी गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. पिशवी फडक्यात गुंडाळलेली असावी, नाहीतर कातडी भाजते. शेगडी पेटवायचीच तर अंगणात पेटवा, शेकून घ्या आणि झोपण्यापूर्वी पाणी टाकून विझवा.

वस्तीत एकटे राहणारे म्हातारे कोणकोण आहेत, याची यादी येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर करू. त्यांच्या पत्र्याखाली पोती बांधायला चार तरुण आणि एक दुपार पुरे. ते काम आपण या महिन्यातच उरकू.