किंमत बघा, पण कीबोर्डवर बोटंही फिरवा

बजेट ठरवून लॅपटॉप घेणं योग्यच. पण ज्याला दिवसभर टायपिंग करायचंय, त्यानं कीबोर्ड आधी बघावा, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त नव्या मशीनऐवजी 2018चा रिफर्बिश्ड थिंकपॅड टी480 एकदा हाताळून बघाच. बटणं छान खोल दबतात, मधल्या लाल ठिपक्यामुळे हात न उचलता कर्सर हलतो. रॅमचे दोन स्लॉट आहेत, त्यामुळे ती नंतर वाढवता येते. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डलाच सोल्डर केलेली असते. मागची बॅटरीही सहज बदलते. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असेल तर विंडोज 11 चालतं. स्क्रीन मात्र तपासा, काहींना 1366×768चं फिकट पॅनल आहे. फोटो-एडिटिंग करणाऱ्यांनी पैसे चांगल्या स्क्रीनवरच घालावेत.