घरातल्या दम्याचा माग
मोकळा श्वास : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण चंद्रपूरच्या बाहेरच्या हवेबद्दल बोललो. २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात हा पट्टा ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकाचा प्रदूषित ठरला होता. ती हवा एकट्या कुटुंबाला बदलता येत नाही. पण लहान मूल, म्हातारी माणसे आणि चुलीपाशी बसणारी बाई दिवसाचा मोठा भाग ज्या हवेत काढतात, ती घरातली असते. तिच्यात पुष्कळ काही आपल्या हातात आहे.

दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या आणि हळव्या असतात. त्यांना चिथावणारी कारणे दोन प्रकारची. पहिला प्रकार ॲलर्जीचा: अंथरुणातले धूळकिडे, बुरशी, झुरळांची घाण, गाजर गवतासारख्या झाडोऱ्याचे परागकण. यांतले एकाला बाधते, दुसऱ्याला नाही. दुसरा प्रकार नुसत्या चुरचुरीचा: धूर, उग्र वास, कोळशाची भुकटी. हा थोडाफार सगळ्यांनाच त्रास देतो, दमेकऱ्याला फार लवकर. म्हणून आपल्या घरात नेमके काय बाधते, हे आपणच शोधावे लागते.

हे घरच्या माणसांना जमेल का? गडचिरोलीनेच याचे उत्तर दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ मध्ये गावातल्या दाई आणि आरोग्यसेवकांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. दमा हा वेगळा आजार, पण धडा तोच: नीट शिकवले तर गावातला माणूस श्वासाकडे डॉक्टरइतक्याच बारकाईने पाहू शकतो.

त्यासाठी एक वही करा. दम कधी लागला, कुठे असताना, त्याआधी काय केले, एवढेच लिहायचे. आदल्या काही तासांचेही लिहा, कारण ॲलर्जीचा दुसरा झटका चार ते आठ तासांनी येऊ शकतो. दुपारी धान पाखडले आणि दम रात्री लागला, असे होते. स्वयंपाकाच्या वेळी खोकला आणि माहेरी गेल्यावर आराम, तर संशय धुरावर. उठताच शिंका, तर अंथरुणावर. आषाढ-श्रावणात वाढत असेल तर ओलीवर. दिवाळीनंतर मळणीच्या दिवसांत वाढले तर धानाच्या तुसावर. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, तेव्हा वाढले तर त्या धुरावर. एक सावधगिरी: पहाटे दमा तसाही बळावतो. त्यामुळे एका रात्रीवरून निकाल लावू नका.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत संशयाचा पहिला मान धुराचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या संशोधकाने गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रे लावून चुलीचा धूर मोजला, आणि घरातली हवा शहराच्या हवेहून कितीतरी वाईट असू शकते हे जगासमोर आले. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, गॅसची शेगडी घराघरात पोचली. पण सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि जंगलातले सरपण फुकट मिळते, म्हणून चूल विझलेली नाही. खाणींच्या गावांत तर कोळशाची सिगडीही पेटते.

सगळा स्वयंपाक गॅसवर होत नसेल, तर निदान घराच्या आतला स्वयंपाक गॅसवर करा. आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण यांसाठीची चूल अंगणात न्या. सरपण मृगाआधी छपराखाली रचा. ओले लाकूड धुमसते आणि धूर वाढवते. समोरासमोर दोन झरोके ठेवा. सिगडी बंद खोलीत कधीच नको, तिच्या वायूने झोपेतच जीव जातो. बिडी ओढणाऱ्याने दाराबाहेर जावे हे किमान. दमेकऱ्याच्या घरातून ती हद्दपारच झाली पाहिजे.

आता सर्वांत अवघड गोष्ट: डास. गडचिरोलीत हिवताप अजून माणसे मारतो, त्यामुळे ‘धूर बंद करा’ एवढे सांगून कोणी मोकळे होऊ नये. रात्री कॉइल लावतात, नाहीतर कडुनिंबाचा पाला जाळतात. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे आढळले. उपाय आहे औषध लावलेली मच्छरदाणी. ती डासही अडवते आणि हवाही बिघडवत नाही. दमेकरी मुलाला घरातली पहिली मच्छरदाणी मिळावी. गोठ्यातला धूर झोपण्याच्या खोलीकडे येत असेल तर जागा बदला.

अंथरुणातले धूळकिडे डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कोंड्यावर ते जगतात आणि हवेतली ओल शोषून घेतात. आपला कोरडा उन्हाळा त्यांना सोसत नाही. म्हणून गाद्या, गोधड्या, उशा कडक उन्हात उलटसुलट वाळवा. मात्र मेलेल्या किड्यांची घाणही बाधते, तेव्हा नंतर त्या झोडपा, आणि दमेकऱ्याला तिथे उभे करू नका. चादरी-अभ्रे ५५ ते ६० अंशांच्या कढत पाण्यात धुवा. नुसते गादीला खास आवरण घालून दमा आटोक्यात येत नाही, असे अभ्यास सांगतात. ज्या कारणाचा माग लागला, त्याचे सगळे उपाय एकत्र करावे लागतात.

ओलीसाठी गळकी कवेलू पावसाआधीच बदला, ओले धान झोपायच्या खोलीत ठेवू नका. झाडण्याआधी पाण्याचा शिडकावा करा. घुग्घुससारख्या कोळशाच्या गावात ओल्या फडक्याने पुसून काढा. झुरळांवर फवारा मारला तर तोच दम लावतो. अन्न झाका, खरकटे रात्रभर ठेवू नका, फटींत झुरळांचे जेल लावा.

घर कितीही सुधारले तरी डॉक्टरांनी दिलेले औषध स्वतःहून बंद करू नका. एक वाक्यही पूर्ण बोलता येत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

वही दोन आठवडे लिहा आणि दवाखान्यात जाताना बरोबर न्या. धूर कमी करायचे काम मात्र बाईच्या एकटीच्या माथी मारू नका. चूल अंगणात नेणे, सरपण वाळवणे, कवेलू बदलणे हे पुरुषांनीही करायचे आहे.

पुढच्या आठवड्यात: इन्हेलरची सवय लागते का?