राणीची बाग : मुंबईच्या स्मृतींचे उद्यान

मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग म्हटली की मुलांना वाघ आणि पेंग्विन आठवतात. परंतु ही बाग मूलतः वनस्पती उद्यान आहे, आणि शहराचा बराचसा इतिहास तिने आपल्या सावलीत जपला आहे. त्याचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ही बाग ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या नावाने खुली झाली. आज तिचे अधिकृत नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असे आहे. तिच्या आवारातील वस्तुसंग्रहालय १८७२ साली सुरू झाले व १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २००८ साली ते पुन्हा खुले झाले.

संग्रहालयाबाहेर एक पाषाणाचा हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव ज्याच्यावरून पडले, तोच हा हत्ती. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात भंगला. १९१४ साली त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले. ‘काळा घोडा’ म्हणून प्रसिद्ध असलेला सातव्या एडवर्डचा पुतळाही १९६५ साली येथेच आणला गेला.

तथापि बागेचा इतिहास केवळ पाषाणात नाही. भोवतालच्या गिरणगावातील कामगार सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह येथे येत. चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांना हीच मोकळी हवा होती. गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी कुटुंबांची वर्दळ थांबली नाही.

२००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या भव्य पुनर्विकासाची योजना पुढे आली, तेव्हा जुन्या वृक्षांच्या काळजीने नागरिक एकत्र आले. त्यांच्या चिकाटीमुळे मूळ आराखड्यात बदल करावा लागला. २०१७ साली प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. चौघांच्या कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवण्यात आली, तरी हातावर पोट असणाऱ्यांना ही रक्कम लहान नाही. ज्यांच्या पिढ्या या बागेत खेळल्या, त्यांनाच तिचे दार जड होऊ नये, असे आम्हांस मनापासून वाटते.

पुढच्या वेळी मुलांना पेंग्विन दाखवायला न्याल, तेव्हा थोडा वेळ त्या हत्तीपाशीही थांबावे.