एका अंड्याचा हिशेब

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी बदलताना मागांची खटखट जरा थांबली, की मोकळ्या प्लॉटवरची टिटवी ऐकू येते. टिटवी उघड्या जमिनीवर बहुधा चार अंडी घालते. दोन गेली तरी दोन उरतात. आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, नान्नजच्या माळावर, पूर्वी दिसणाऱ्या माळढोकाची मादी मात्र सहसा एकच अंडं घालते. तेही जमिनीवरच, गवताच्या आडोशाने. जवळपास महिनाभर ती एकटीच उबवते. नर फिरकतही नाही.

अंड्यांच्या या हिशेबाचं दुसरं टोक न्यूझीलंडच्या बाउंटी आणि अँटिपोडीझ बेटांवर सापडतं. डोक्यावर पिवळे तुरे ताठ उभारलेला एक पेंग्विन फक्त तिथेच वीण करतो. तोही संकटात आहे. मादी दोन अंडी घालते. दुसरं पहिल्यापेक्षा सुमारे ८५ टक्के मोठं. पहिल्यावर कुणी धड बसतच नाही. ते घरंगळतं, कधी आईबापच ढकलून देतात. १९९८ मध्ये संशोधकांनी काही घरट्यांभोवती दगडांचं कडं रचून पाहिलं, तरी पहिली अंडी वाचली नाहीत. दोन पिल्लांचं पोट भरेल एवढं अन्न समुद्रातून आणणं झेपत नाही, म्हणून सगळी भिस्त दुसऱ्यावर, असा त्यांचा कयास आहे.

माळढोकाची भिस्त पहिल्यापासूनच एकावर. पूर्वी ते परवडायचं, कारण वाढलेला माळढोक बरीच वर्षं जगायचा. आता शिकारीपाठोपाठ विजेच्या तारा आल्या. त्याच्याच कुळातल्या आफ्रिकेतल्या कोरी माळढोकाची नजर शास्त्रज्ञांनी तपासली आहे. दोन्ही डोळ्यांना मिळून समोरचा पट्टा अगदी अरुंद दिसतो. उडताना खाली पाहायला मान झुकवली, की समोरचं दिसतच नाही. तार दिसली तरी दहा-बारा किलोंचं धूड ऐनवेळी वळत नाही.

१९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य झालं. त्यात गावं, शेतं सगळंच आलं होतं. पुढे ते १,२२२ वर आणलं. मला त्या कपातीपेक्षा जास्त लागतं ते माळाला ‘पडीक’ म्हणणं. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावावीशी वाटतात, आणि मोकळं गवत हेच ज्याचं घर, तो पक्षी बेघर होतो.

नान्नजला आज माळढोक दिसला, तर त्याची बातमी होते. काळविटं अजून चरतात, गवत अजून उगवतं. आमच्या मागांना वीज लागणारच. पण माळावरच्या तारा जमिनीखालून नेता येतात, निदान त्यांवर दुरून दिसणाऱ्या चकत्या तरी टांगता येतात.