दुकानी संगणकीय हिशेब केव्हा आणावा?

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, तर दुसऱ्या तीरावर सावरगाव. येथील व्यापार मात्र नदीपाशी थांबत नाही. तो राज्याची सीमा ओलांडून नागपूरपर्यंत जातो. हिशेबाची संगणकप्रणाली घ्यावी की न घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी या सीमेतच दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. ज्याची वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत आहे, असा व्यापारी आपसमेळ योजना स्वीकारू शकतो. त्याने तिमाही कर भरावा व वर्षाकाठी एक विवरणपत्र द्यावे. एवढ्यासाठी नीट लिहिलेली रोजकीर्द व खातेवही पुरते. परंतु या योजनेतील व्यापाऱ्यास परराज्यात माल विकता येत नाही. नागपूरच्या गिऱ्हाइकास माल द्यावयाचा, तर योजना सोडावी लागते. मग एकात्मिक कराची आकारणी, खरेदीवरील कराची वजावट, आणि पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या करपात्र मालासाठी ई-वे बिल, हे सारे ओघानेच येते. तेथे यंत्राचे साह्य सोयीचे नव्हे, आवश्यक ठरते.

अशा प्रणालींचा जन्मही पेढीच्या गरजेतूनच झाला. कापडगिरण्यांना माल पुरविणारे श्यामसुंदर गोयंका यांना मनाजोगते साधन मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भरत यांनी ते स्वतः रचले. १९८६ साली बंगळूर येथे सुरू झालेला तो उद्योग पुढे ‘टॅली’ या नावाने सर्वतोमुखी झाला.

तथापि शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही घ्यावे, हा मार्ग श्रेयस्कर नव्हे. रोजच्या नोंदी कोण करणार? प्रणाली बदलावयाची झाल्यास आपली खाती तीतून बाहेर काढता येतील काय? परवलीचा शब्द व नोंदींची प्रत कोणाच्या हाती राहील? हे तीन प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत. प्रारंभ १ एप्रिलपासून, आरंभीच्या शिलका तपासून करावा. पहिली तिमाही वही व यंत्र दोन्ही चालवावीत आणि रोज रात्री रोख शिल्लक ताडून पाहावी.

गावातील उधारी विश्वासावर चालते, आणि त्या विश्वासाचा पुरावा खात्यात असतो. ते खाते केवळ करसल्लागाराच्या संगणकात राहिले, तर मालक आपल्याच पेढीत परका होतो. म्हणून यंत्र अवश्य आणावे. खात्याची किल्ली मात्र स्वतःपाशीच ठेवावी.